काट्यावरचा कॉम्प्युटर

दसरा होऊन चार दिवस झाले असतील. डिचोलीच्या बाजाराच्या मागल्या गल्लीत धाकू गवसचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. सकाळी तो एका लॅपटॉपची तुटलेली बिजागरी बसवत होता, तेवढ्यात फोन वाजला.

"धाकू, बाबली बोलतंय. सुर्ल्याच्या खाणीवरचो. ओळाखलंस?"

धाकूने स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. बाबली त्या खाणीचा राखणदार. तेरा वर्षांपूर्वी गोव्यातल्या खाणी बंद झाल्या तेव्हा साहेब गेले, कारकून गेले, ड्रायव्हर गेले. बाबली मात्र गेटवर राहिला. पुढे काही खाणी थोडे दिवस चालल्या, पुन्हा थांबल्या, पण सुर्ल्याची ही लहान खाण काही उघडली नाही. बाबली आता सत्तरीच्या पुढे असणार.

"बोला काका."

"खाण परत सुरू होता. नवो मालक इलो. पण काट्यावरचो कॉम्प्युटर काय उठना नाय. पणजेसून एक इंजिनेर इल्लो, तो म्हणता भंगारात घाला. साहेब म्हणतत, आवारातल्या खनिजाच्या जुन्या ढिगांची मापा सगळी त्याच्यातच असत. मी सांगलंय त्यांका, ह्याका उठवणारो एकच माणूस असा. येतंस मां?"

"येतंय," धाकू म्हणाला.

त्याने बॅगेत मल्टिमीटर, ब्रश, हवा मारायचा ब्लोअर आणि एक जुना पण चालणारा पॉवर सप्लाय भरला, शटर ओढलं आणि स्कूटर काढली.

साखळीवरून सुर्ल्याला जाणारा तो रस्ता धाकूच्या पायांना पाठ होता. कुठे ब्रेक दाबायचा, कुठे दुसरा गिअर टाकायचा, सगळं. पण डोळ्यांना तो ओळखीचा वाटेना. तो इथे टिपर ट्रक चालवायचा तेव्हा रस्त्याच्या कडेची झाडं खनिजाच्या धुळीने लाल असत. आता ती हिरवीगार होती.

धाकू मूळ दोडामार्गचा. पंचविसाव्या वर्षी एका शेटच्या टिपरवर ड्रायव्हर म्हणून सुर्ल्याला आला. खाणीतून माल भरायचा, काट्यावर वजन करायचं आणि नदीवरच्या जेटीवर नेऊन ओतायचा. काटा म्हणजे रस्त्यात पुरलेली लांबलचक लोखंडी फळी आणि तिच्या बाजूला एक खोली. खोलीला एक जनेल, म्हणजे खिडकी. टिपर फळीवर उभा राहिला की आतली मुलगी कॉम्प्युटरवर वजन घ्यायची आणि जनेलातून हात काढून पावती द्यायची. ती मुलगी सुविधा. इब्रामपूरची, पण सुर्ल्यात मावशीकडे राहून नोकरी करणारी. सगळे ड्रायव्हर तिला 'बाय' म्हणत. धाकूही तेच म्हणे.

दिवसाला आठ-नऊ खेपा होत. प्रत्येक खेपेला जनेलाशी मिनिट-दीड मिनिट. सहा वर्षं त्याने तिला अशीच पाहिली, जनेलाच्या चौकटीत मावेल तेवढी.

एके सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. काट्यावर टिपरांची रांग लागली, मागचे ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागले, सुविधा रडकुंडीला आली. धाकू खाली उतरला. मागच्या वेळी आलेल्या मेकॅनिकने काय केलं ते त्याने जनेलातून नीट बघून ठेवलं होतं. त्याने आत जाऊन कॉम्प्युटरचा डबा उघडला, मेमरीची पट्टी काढली, शर्टाच्या टोकाने पुसली आणि परत दाबून बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला.

"धाकू, तू तर डॉक्टर निघालंस रे!" सुविधा म्हणाली आणि हसली.

त्यानंतर कॉम्प्युटर बिघडला की धाकूला हाक जायची, आणि लाल धुळीमुळे तो वरचेवर बिघडायचा. धाकूने मेकॅनिककडून विचारून विचारून माहिती घेतली, रविवारी म्हापशाला जाऊन जुने सुटे भाग आणले. त्याला कॉम्प्युटरची ओढ होती असं नाही. त्या खोलीच्या आत जायची ओढ होती. आत गेल्यावर तो काय बिघडलंय ते तिला समजावून सांगायचा आणि ती शाळेतल्या मुलीसारखी लक्ष देऊन ऐकायची.

शेवटच्या वर्षी मे संपता संपता वाहतूक थांबली, दरवर्षी पावसाळ्यात थांबायची तशीच. शेवटच्या खेपेची पावती देताना तिने चतुर्थीच्या करंज्या कबूल केल्या, "आता पावसानंतर. चतुर्थेच्यो नेवऱ्यो ठेवतलंय तुका."

धाकूने त्या पावसाळ्यात ठरवलं होतं, हंगाम सुरू झाला की पहिल्याच खेपेला तिला विचारायचं. आईच्या कानावरसुद्धा घातलं होतं. पण सप्टेंबरात खाणी बंद झाल्याची बातमी आली आणि ती पहिली खेप कधी आलीच नाही. शेटने टिपर विकून टाकला. धाकूने सावंतवाडीला जाऊन वर्षभर हार्डवेअरचा कोर्स केला. आता काहीतरी सांगण्यासारखं हातात आहे, असं वाटून परत आला, तेव्हा कळलं की सुविधाचं लग्न होऊन ती फोंड्याला गेली. पुढे त्याचंही लग्न झालं. सायलीसारखी समजूतदार बायको मिळाली, मुलगी झाली, दुकान चाललं. तक्रार करावी असं काही नव्हतं.

बाबलीने काट्याच्या खोलीचं कुलूप काढलं. आत सगळं तसंच होतं. तेच मेज, तीच वेताची खुर्ची, जिला सगळे कदेल म्हणत, मागून फुगीर असलेला तोच मॉनिटर. कॉम्प्युटरवर बाबलीने प्लास्टिकची गोणी पांघरली होती.

"दर पावसाळ्यात बदली केलंय गोणी," बाबली म्हणाला. "पण आत काय चल्ला ता माका काय कळतला?"

धाकूने बटण दाबलं. काहीच नाही. भिंतीतल्या बोर्डला वीज होती, वायर शाबूत होती. त्याने डब्याची बाजू उघडली. आत लाल धुळीचा थर होता आणि मागच्या जाळीवर कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. त्याने ते घर अलगद खरवडून काढलं, हवा मारली, ब्रशने कानाकोपरा झाडला. लाल धूळ उडून त्याच्या हातांवर, भुवयांवर बसली. त्या धुळीचा वास त्याला तेरा वर्षांनी आला.

पुन्हा बटण दाबलं. पंखा फिरला आणि तीन लांब शिट्ट्या वाजल्या. हा आवाज त्याला झोपेतही कळला असता. मेमरीची पट्टी. त्याने ती काढून तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले, खाच साफ केली, पट्टी बसवली. आता एकच आखूड शिट्टी आली आणि मॉनिटर उजळला. तारीख वीसेक वर्षं मागची दाखवत होता. धाकूने आतली नाण्याएवढी बॅटरी बदलली आणि तारीख नीट केली.

मग पडद्यावर निळा रंग आला. मधोमध एका फुलाचं चित्र, त्याच्या शेजारी इंग्रजीत नाव, सुविधा, आणि खाली पासवर्डसाठी रिकामी चौकट.

बाबलीने वाकून बघितलं. "आता काय मागता तो?"

"पासवर्ड. तिचो."

"मगे तिकाच विचारूक व्हया," बाबली म्हणाला. "मावशी हयच असा, वाड्यावर. थांब, नंबर घेऊन येतंय."

अर्ध्या तासाने तो एक कागदाचा चिटोरा घेऊन आला आणि धाकूच्या हातात दिला. "तूच लाव. माका त्यातला सांगूक जमाचा नाय."

धाकू बाहेर जाऊन आंब्याच्या सावलीत उभा राहिला. नंबर दाबला.

"हॅलो?"

"सुविधाबाय?"

"कोण?"

"मी धाकू. टिपरवालो. सुर्ल्याचो."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"आवाज तसोच असा तुझो," ती म्हणाली.

त्याने घाईघाईने सगळं सांगितलं. खाण, नवा मालक, ढिगांची मापं, पासवर्ड. सांगताना आपण फार वेगाने बोलतोय हे त्याला कळत होतं.

"पासवर्ड?" ती हसली. "तेरा वर्षां झाली रे. असो तोंडान सांगूक येवचो नाय. पण बोटांका ठावक असतलो. समोर बसलंय तर येतलो."

"मगे?"

"मगे काय, येतंय. सेजल माझी, ती आज आत्येकडे असा. पाच वाजता घराक पोचलंय म्हणजे झाला."

फोन ठेवून धाकू खोलीत आला. फोंड्याहून यायला तिला दोन तास तरी लागणार होते. त्याने खोली झाडली. मेज पुसलं. जनेलाच्या काचेवर तेरा वर्षांची पुटं होती, ती ओल्या फडक्याने काढली. बाबली दारात बसून बघत होता. थोड्या वेळाने उठून गावात गेला आणि पातळ भाजी आणि दोन उंडे पाव घेऊन आला.

भाजी-उंडे खाऊन धाकू हात धूत होता, तेवढ्यात आत पडदा काळा झाला. त्याने येऊन बटण दाबलं. पंख्याने अर्धा फेरा घेतला आणि तो थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा अर्धा फेरा.

हे कसलं लक्षण हे त्याला लगेच कळलं. पॉवर सप्लाय जुना होऊन आतून गेला होता. मशीनला उठण्यापुरती वीज द्यायची ताकद त्याच्यात उरली नव्हती. दुसरा पॉवर सप्लाय बॅगेत होताच. धाकूने बॅग उघडली, त्याच्यावर हात ठेवला आणि तो तसाच परत खाली सोडला.

आता बदलला तर ती आल्या आल्या पासवर्ड घालील आणि पाच मिनिटांत निघून जाईल. एवढाच विचार त्याच्या मनात होता. तो बरोबर नाही हेही त्याला कळत होतं.

एक वाजून गेल्यावर ती आली. बसमधून उतरून छत्री उघडून चालत आली. डोळ्यांना चष्मा, कानाजवळ थोडे पांढरे केस, निळा साधा पंजाबी ड्रेस. धाकू जनेलातून बघत होता. चालताना ती डाव्या पायावर किंचित जास्त भार टाकते, हे त्याला आज पहिल्यांदा कळलं. ती काट्याच्या लोखंडी फळीवरून चालत आली आणि तिच्या पावलांचा ठणठण आवाज खोलीत घुमला.

"गे सुविधा! बाय माझी!" बाबली पुढे धावला. त्याने तिला पाणी दिलं, मावशीची खुशाली सांगितली. मग साहेबांना कळवतो म्हणून गेटकडे निघून गेला.

ती खोलीच्या दारात उभी राहिली. धाकू उठला आणि कदेल तिच्याकडे सरकवली.

"बंद असा?" तिने विचारलं.

"मगाशी चालू झालेलो. आत्ताच पडलो. बघतंय."

बॅगेतून ब्रश काढून तो खाली जमिनीवर बसला आणि एकेक भाग सुटा करायला लागला. आधी सीडीचा ड्राइव्ह, मग हार्ड डिस्कची केबल, मग एक मेमरी काढून दुसरी खाच. बिघाड शोधायची तीही एक रीत असते, सगळं काढायचं आणि एकेक जोडत जायचं. दर वेळी तो बटण दाबायचा, पंखा अर्धा फिरायचा आणि थांबायचा.

मध्ये मध्ये बोलणं होत होतं. तिचा नवरा देवस्थानच्या ऑफिसात होता. ती स्वतः घरी मराठी टायपिंग करायची, लग्नपत्रिका, देवळांची निमंत्रणं. मुलगी सेजल चौथीत. धाकूने सायलीबद्दल सांगितलं, आपल्या मुलीबद्दल सांगितलं. दोघांनी एकमेकांच्या संसाराला बरं म्हटलं, आणि मनापासूनच म्हटलं.

"तुझो बिघडलो तर कोण बघता?" त्याने विचारलं.

"असा एक. तो काय बघना नाय. नवीन घाला म्हणता." मग जरा थांबून, काहीच विषय नसताना ती म्हणाली, "तू इब्रामपुरात इल्लंस एकदा."

धाकूच्या हातातला स्क्रू डब्यात पडला. तो बोटाने शोधायला लागला.

"खाणी बंद पडल्यो त्याच वर्षी," ती म्हणाली. "तुळशीच्या लग्नाआधी. देवळाकडे मोटरसायकल लावलंस. मी आईवांगडा मळ्यात होतंय, मिरची लावी होतंय. माझे हात चिखलान भरलेले. म्हटला, असा कसा जाऊचा. पाटावर जाऊन हात धुतलंय, केस सारखे केलंय आणि वर इलंय, तर तू नाय."

स्क्रू सापडला होता. धाकूने तो मुठीत धरून ठेवला.

"देवाक नमस्कार केलंय आणि फिरलंय," तो म्हणाला.

"कित्या?"

"तुझ्या घरात कोणी विचारल्यान असता, काय करतंस म्हणान. काय सांगतलंय? टिपर चलवतंय म्हणूक टिपर खय होतो?"

तिने जनेलाबाहेर बघितलं. बाहेर जुन्या ढिगांवर गवत उगवलं होतं आणि त्यात कुणाची तरी गाय चरत होती.

"घरातल्यांनी विचारल्यानी असता," ती म्हणाली. "माका विचारूचा नव्हता. मी थांबल्लंय रे. दुसरी चतुर्थी येयपर्यंत थांबल्लंय. मगे आई म्हणाली, आणखी किती?"

"मी सावंतवाडीक होतंय. शिकी होतंय."

"माका कोण सांगतला?"

त्याने हार्ड डिस्कची केबल जोडली, काढली, परत जोडली. बटण दाबलं. पंखा अर्धा फिरून थांबला.

"धाकू," ती म्हणाली.

"काय?"

"पंखो अर्धो फिरान थांबता."

"होय."

"तूच सांगल्लंस माका, ह्याच खोलयेत. अर्धो फिरान थांबलो तर आत वीज पुरना नाय, पयलो पॉवर सप्लाय बघूचो." तिचा आवाज रागाचा नव्हता. "पाऊण तास झालो. तू त्याका हात लावक नाय."

खोटं बोलायचं त्याच्या जिवावर आलं. "दुसरो असा माझ्याकडे," तो म्हणाला.

"ठावक असा. मगाशी ब्रश काढलंस तेव्हा बॅगेत दिसलो."

तो उठून बॅगेकडे वळला, तशी ती म्हणाली, "रवांदे. आणखी धा मिनटा रवांदे. मगे बदल."

तो परत खाली बसला. पाठ भिंतीला टेकून, पाय पसरून. ती कदेलीवर, हात मांडीवर ठेवून. धाकूला वाटलं होतं, असा वेळ मिळाला तर सांगायला खूप असेल. पण सांगायचं ते सांगून झालं होतं, आणि उरलेलं सांगण्यासारखं नव्हतं. त्याने तिच्याकडे बघितलं. ती डोळे मिटून बसली होती. चष्मा काढून हातात धरला होता, आणि नाकावर त्याचे दोन लहान वळ उठले होते. तो त्या वळांकडे बघत राहिला.

दहा मिनिटांची पंधरा झाली असतील. मग तिने चष्मा लावला.

धाकूने चार स्क्रू काढून जुना पॉवर सप्लाय बाहेर घेतला. सवयीने त्याचं झाकण उघडून बघितलं. आतल्या तीन कपॅसिटरांची डोकी फुगून वर आली होती आणि एकातून तपकिरी चीक ओघळला होता. त्याने ते तिला दाखवलं. तिने पूर्वीसारखंच वाकून, लक्ष देऊन बघितलं. बॅगेतला दुसरा बसवायला सात-आठ मिनिटं लागली. बटण दाबलं, पंखा पुरा फिरला, एक आखूड शिट्टी झाली.

पडद्यावर तिचं नाव आलं. ती कदेल पुढे ओढून बसली आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. धाकू वळला आणि जनेलाकडे तोंड करून उभा राहिला. कोणी पासवर्ड घालत असताना बघायचं नाही, हा त्याच्या धंद्यातला नेम होता.

पण कान बंद करता येत नाहीत. बोटं जराही अडखळली नाहीत. नऊ टिचक्या, मग एक मोठी.

"इलो," ती म्हणाली.

नऊ. जीए झिरो चार, मग टी, मग पुढचे चार आकडे. तो चालवायचा त्या टिपरच्या नंबरात नऊ अक्षरं होती. धाकूने तो नंबर मनात एकदा मोजला, आणि लगेच स्वतःला दटावलं. तिच्या नावाची इंग्रजीत सात अक्षरं आणि पुढे दोन आकडे, तरी नऊच होतात. नऊ अक्षरं कशाचीही होतात.

तिने प्रोग्राम उघडला. ढिगांची मापं निघाली, एकही नोंद खराब झाली नव्हती. काट्याची वायर जोडून वजन येतंय का ते बघायचं राहिलं होतं. त्यासाठी धाकूने आपली स्कूटर फळीवर आणली आणि तिच्यावर बसून राहिला. जनेलातून तिने हात हलवला.

"पुढे घे वायच! मागचा चाक भायर असा!"

त्याने स्कूटर पुढे घेतली. आत एकशे ऐंशी किलोचा आकडा दिसला असं ती ओरडून म्हणाली, आणि दोघंही हसले. भरलेल्या टिपरच्या काट्यावर ते वजन काहीच नव्हतं.

तो आत आला तेव्हा ती काहीतरी टाइप करून उठत होती. "पासवर्ड बदललंय," ती म्हणाली. "नवीन येतली तिका सोपो असांदे. एक ते आठ आकडे. बाबलीकाकांक लिवन देतंय."

"जुनो?"

"जुनो गेलो आता." ती त्याच्याकडे बघत होती. "विचारूचो असा?"

धाकूने जुना पॉवर सप्लाय बॅगेत भरला, ब्रश भरला, चेन ओढली. त्याला विचारायचं होतं. पण होय आलं असतं तर ते घेऊन घरी कसं जायचं हे त्याला कळेना, आणि नाही आलं असतं तर तेही नेणं कठीण होतं.

"नको," तो म्हणाला.

तिने मान हलवली. राग नव्हता, किंवा असला तरी दिसला नाही.

सुर्ल्याहून तिला लगेच बस नव्हती. त्याने साखळीच्या स्टँडवर सोडतो म्हटलं आणि तीही लगेच हो म्हणाली. स्कूटरवर तिने आपली पर्स दोघांच्या मध्ये धरली होती. वाटेत ती हिरव्या झाडांबद्दल बोलली. इतकी झाडं इथे होती हे तिलाही तेव्हा कळलं नव्हतं.

स्टँडवर फोंड्याची बस लागलेली होती, सुटायला थोडा वेळ होता.

"तू स्कूटर काढी होतंस तेव्हा बाबलीकाकांनी फोन लावन दिल्लो," ती म्हणाली. "साहेब म्हणतत, जुनी जागा घे परत. मी नाय म्हणान सांगलंय."

"येणा-जाणा लांब पडतला," धाकू म्हणाला.

"लांब नाय पडणा. बस असा." ती पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होती. "थय रोज बसलंय तर रोज तुझी वाट बघूची सवय होतली परत. आणि कॉम्प्युटर काय रोज बिघडूचो नाय, धाकू. तू बरा काम करतंस."

कंडक्टरने हाळी दिली. ती चढली, जनेलाजवळची सीट मिळाली, आणि बस वळेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली. हात हलवला नाही. त्यानेही नाही.

रात्री जेवताना सायलीने विचारलं, दिवसभर दुकान बंद का होतं. धाकूने सांगितलं, जुन्या काट्यावर गेलो होतो, तिथली पूर्वीची बाई पासवर्ड घालायला फोंड्याहून आली होती.

"बरी असा ती?" सायलीने विचारलं.

"बरी असा," तो म्हणाला. सायलीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि त्याच्या ताटात आणखी माशाचं हुमण वाढलं.

आठ दिवस गेले. दिवाळीच्या आधी दुकानात गर्दी होती. एका शाळेचे सहा कॉम्प्युटर दुरुस्तीला आले होते. फोन वाजला की धाकू हातातलं टाकून आधी नाव बघायचा. नवव्या दिवशी बाबलीचं नाव दिसलं. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"काय झाला काका?"

"काय झाला म्हणजे? काय जावक नाय. एका बटनान उठता रे! नवीन चेडू इला पावत्यो देवक, नावेलीचा, ता खूष असा. साहेब म्हणाले, त्या गवसाक सांग म्हणान."

"बरा झाला," धाकू म्हणाला. "धूळ बसांक देव नको म्हणान सांगा तिका. आठ दिवसांनी हवा मारूक व्हयी."

"मारता ता. हुशार असा. आता काय तुका हय येवचा पडूचा नाय."

फोन बंद झाला तरी धाकूने तो थोडा वेळ कानाशीच धरला. काही बिघडलं आहे असं ऐकायच्या तयारीने आपण तो उचलला होता, हे त्याला तेव्हा कळलं. समोर शाळेचा शिपाई उभा होता, कधीपासून कोण जाणे. धाकूने त्याला बसायला स्टूल दिलं आणि पहिला कॉम्प्युटर जवळ ओढून त्याची बाजू उघडायला घेतली.